म्हाताऱ्या कुत्र्याचा पांगुळगाडा

आमच्या घरात माझ्याविषयी सगळे बोलत, माझ्याशी फार थोडे. सासरे तर मुळीच नाहीत. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला ताठ माणूस, मिशीला पीळ, आणि सोप्यात भिंतीवर बंदूक. सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, सासऱ्यानं भिंतीकडं बघून बोलायचं आणि मधल्यामधे सासूनं निरोप पोचवायचा, अशी रीत. तिघंही एका सोप्यात, हातभर अंतरावर. सगळ्यांना सगळं ऐकू येतंय, तरी निरोप आपला फिरतोय! मी कुंडलची, आमच्याकडं रीतभात नव्हती असं नाही, पण हा तमाशा मला पहिल्या दिवसापासून हसू आणायचा आणि रागही आणायचा.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. सासरे भिंतीला म्हणाले, "सांग तिला. कुत्र्याचं मागलं अंग गेलंय. फरफटत ठेवण्यात पाप हाय. मी सोडवतो त्येला."

माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. सोडवतो म्हणजे कसं, ते विचारायची गरज नव्हती. बंदूक समोरच होती.

कुत्रं नवऱ्याचं. फौजेत भरती व्हायच्या आधी त्यानं ते शर्टात घालून आणलेलं, म्हणे. लग्न होऊन मी आले तेव्हा ते ऐन उमेदीत होतं, उसाच्या फडात रात्रंदिवस राखण करायचं. हळदीच्या अंगानं नवरा पलटणीत परत निघाला तेव्हा मला एकच सांगून गेला, "ह्येला भाकरी तुज्या हातानं घालत जा." नव्या नवरीला हे काय सांगणं झालं? मी दोन दिवस घुश्शात होते. मग घालायला लागले ती सात वर्षं घातली. सात वर्षांत मला मूलबाळ झालं नाही. विहिरीवर गेलं की बायकांचे डोळे आधी माझ्या पोटावर जायचे, मग तोंडाकडं यायचे. सासूचेही तसेच. माझ्या पोटाकडं न बघता तोंडाकडं बघणारं त्या घरात ते एकच होतं, आणि त्याचंच आता मागलं अंग गेलं होतं. दोन पाय पुढं ओढायचे आणि मागचे दोन चिंध्यांसारखे मातीतनं यायचे. मांड्यांची कातडी सोलून निघाली होती. मी हळद-तेल लावायची, माश्या हाकलायची.

नवरा आसामात होता. दिवाळीला येऊन गेलेला, तेव्हा कुत्रं मागनं लंगडायला लागलं होतं आणि सासरे त्याला म्हणाले होते की हे पांगळं झालं तर सोडवायला लागंल; आता तो उन्हाळ्यात यायचा होता. तो येईल आणि कुत्रं नसेल, हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. मी पदर सावरला आणि सासूला म्हणाले, पण सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "आत्याबाई, मामंजींना म्हणावं शिमग्यापतूर थांबा. तवर कुत्रं चाललं न्हाई, तर मी आडवी येणार न्हाई."

सासूनं तोंड उघडायच्या आत सासरे भिंतीला म्हणाले, "बरं. शिमगा."

झालं. महिना-दीड महिना हातात आला.

आधी मी पोटाखालनं टॉवेल घालून त्याचं मागलं अंग उचलून चालवून बघितलं. पुढं कुत्रं, मागं टॉवेल धरून कमरेत वाकलेली मी. गावातली माणसं बघून हसायची. हसू देत, पण चार दिवसांत माझीच कंबर धरली, मग कुत्र्याला कोण चालवणार आणि मला कोण? नंतर बाजारच्या दिवशी कोरेगावला गेले तेव्हा सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचाकडं गेले. त्याच्याकडं पोरांच्या तीनचाकी सायकलीची दोन चाकं पडलेली होती. म्हटलं, ह्याला लोखंडी सांगाडा करून द्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. चाकं हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "करून द्येईन भाभी, पण लोखंड भारी पडंल. म्हातारं जनावर हाय, वढायचंच न्हाई. लाकडाचं हलकं बघा." माणूस खरा. हाताशी आलेलं गिऱ्हाईक सोडून मला परत लावलं. मी मात्र एस.टी.त बसून रडकुंडीला आले होते, आता लाकडाचं कोण करणार म्हणून.

घरी आले तर शेजारच्या अंगणात त्यांचं वर्षाचं पोर पांगुळगाडा ढकलत होतं. तीन चाकं, उभी दांडी, पोर दांडी धरून डुलत डुलत चाललंय, खडाखडा वाजतंय. मी वाटेतच थांबले. आगं बया, हे तर डोळ्यांसमोरच होतं! पांगळ्यालाच चालवायचा गाडा तो!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराकडं गेले. म्हातारा रंधा मारत होता. कुत्र्यासाठी म्हणून मी सांगितलं नाही, ही माझी चूक. सांगितलं असतं तर तो हसला असता, किंवा सासऱ्यांच्या कानावर घातलं असतं की तुमची सून बलुत्यातनं कुत्र्याचं लाकूड करून घेती. म्हणून मी नुसतं म्हणाले, "पांगुळगाडा करायचाय. जरा रुंद करा. हलका करा. आणि बिगी बिगी करा."

म्हाताऱ्याचा रंधा थांबला. माझ्याकडं बघितलं. आणि काय करावं त्यानं? दोन्ही हात जोडले. मला वाटलं, सुभेदाराच्या सुनेला मान देतोय.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकते, उगाच कोड्यात ठेवत नाही. हा सुतार भारी संथ. त्याला काम सांगितलं की वर्ष जायचं. म्हणून त्या गावात पांगुळगाडा सांगायचा तो बाईला दिवस राहिले की लगेच, म्हणजे पोर चालायला लागेपर्यंत तरी हातात पडायचा. आणि दिवस राहिले हे तर तीन महिने तोंडानं बोलायचं नाही, दृष्ट लागते. मग हळूहळू असं झालं की पांगुळगाडा सांगितला, ह्यातच सगळं आलं. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. सुतारानं बायकोला सांगायचं आणि गावानं समजायचं. आमच्या कुंडलला असलं काही नव्हतं. आणि सात वर्षं त्या गावात काढून मला हे ठाऊक कसं नाही? तर असलं बोलणं निघालं की मी दिसताच बायका गप्प व्हायच्या. वांझेपुढं पोराबाळांचं कशाला काढायचं, असा त्यांचा समजूतदारपणा!

त्या दिवसापासून माझं नशीबच फिरलं. विहिरीवर गेले तर सासूनं माझ्या कमरेवरची घागर काढून स्वतःच्या कमरेवर घेतली. मी बघतच राहिले. ही बाई तापातसुद्धा मला दळायला बसवणारी! जेवताना भाकरीवर लोण्याचा गोळा पडायला लागला. बायका वाट सोडायला लागल्या. एक दिवस सासू पहाटे उठून अनवाणी डोंगरावरच्या देवीला जाऊन आली आणि माझ्या कपाळाला अंगारा लावला. मी इतकी खुळी की मला वाटलं, कुत्र्यासाठी मी जीव टाकते ते बघून म्हातारीचं मन विरघळलं. मी रात्री कुत्र्याच्या कानात सांगायची, बघ, तुज्यामुळं मला लोणी मिळतंय.

सासरेही कुत्र्याचं नाव काढेनात. नुसते मिशीला पीळ देत सोप्यात फेऱ्या मारायचे.

आणि सुतारानं जन्मात केलं नाही ते केलं. दहा दिवसांत पांगुळगाडा तयार! खांद्यावर घेऊन तो स्वतः आमच्या दारात आला. दांडीला हळदकुंकू लावलेलं. त्याच्या मागं त्याची बायको, तिच्या मागं आळीतल्या दहा-बारा बायका. सासू उंबऱ्यात ताट घेऊन उभी, ताटात नारळ, तांदूळ, खण. मी म्हटलं, एका कुत्र्याचं किती हे कौतुक! माझे डोळे भरून आले, खरंच सांगते. मला वाटलं, मी आजवर ह्या माणसांना उगाच नावं ठेवली.

सुतारानं गाडा अंगणात ठेवला. सासू पुढं झाली, म्हणाली, "ये, बस पाटावर."

मी म्हणाले, "थांबा आत्याबाई, आधी त्याला आणते." आणि परसातनं कुत्र्याला कवेत घेऊन आले, त्याचे पुढचे दोन्ही पाय पांगुळगाड्याच्या दांडीवर ठेवले आणि हसत सगळ्यांकडं बघितलं.

कुणीही हसत नव्हतं. सुताराचं तोंड उघडं होतं. एक बाई "आगं आई आई आई" म्हणत खालीच बसली. तेवढ्यात गाडा पुढं सटकला आणि कुत्रं तोंडावर पडलं, केकाटलं. मी त्याला उचलायला धावले आणि वर बघितलं तर सासूच्या हातातलं ताट कलतं झालेलं, तांदूळ उंबऱ्यावर सांडत होते आणि तिला ते कळत नव्हतं.

"काय झालं?" मी म्हणाले. "काय झालं, बोला की!"

शेवटी शेजारीण जवळ आली आणि तिनं मला दोन वाक्यांत सांगितलं. पांगुळगाडा सांगितला म्हणजे ह्या गावात काय समजतात, ते.

मला कुणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं. कान बधिर झाले. घागर, लोणी, अंगारा, एकेक डोळ्यांपुढनं गेलं. आधी लाज वाटली, अशी की धरणीनं पोटात घ्यावं. आणि लाजेच्या पाठोपाठ संताप आला. सात वर्षं ज्या गोष्टी माझ्यापासनं लपवल्या त्याच माझ्या डोक्यावर आणून आपटल्या होत्या. "मला इचारायचं हुतं की!" मी ओरडले. "एकीनं तरी इचारायचं हुतं!" माझा पदर कधीच खांद्यावर पडला होता. बायका खाली बघत एकेक करून निघाल्या. कुत्रं गाड्याला पुढचा पाय लावून तिथंच पडून होतं.

मला वाटलं, सासू आता आत जाईल आणि दार लावून घेईल. ती गेली नाही. तिनं ताट खाली ठेवलं, पायरी उतरून आली, कुत्र्याकडं बघितलं, गाड्याकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण जन्म शेतात गेलेली बाई, चुकीचं चाललेलं काम तिला बघवतच नसे.

"बैल गाडीच्या म्होरं असतो का मागं?" ती म्हणाली.

मी कुत्र्याच्या तोंडाची माती पुसत राहिले.

"इचारते म्या. म्होरं का मागं?"

"म्होरं."

"मग ह्येला मागं कशाला उभं केलंस? प्वार हाय का त्ये?" एवढं बोलताना तिचा आवाज फाटला, पण तिनं गाडा धरून गर्रकन उलटा फिरवला. "पोरानं ढकलायचा आसतोय. जनावरानं वढायचा. क्येलंयस तर धड तरी कर."

आणि तिनं कुत्र्याची पाठ दांडीकडं केली, मागलं अंग उचलून धरलं आणि सुताराला म्हणाली, "बघत काय बसलायस? दांडी उच्ची हुतीया." सुतार भानावर आला. त्यानं तिथंच तासायचा वाकस काढला आणि दांडी वीतभर उतरवली. सासूनं ताटातला तो खण उचलला, माझ्या ओटीत घालायला आणलेला. क्षणभर हातात धरून ठेवला. मग त्याची घडी मोडून कुत्र्याच्या मांड्यांखालनं घेतली आणि दांडीला गच्च बांधली. छातीवरनं चऱ्हाट घेतलं. मागले पाय अधांतरी, पुढले दोन जमिनीवर.

"हं," ती म्हणाली, जशी बैलांना म्हणायची.

कुत्रं उभं राहिलं. एक पाय टाकला. मागं खडखड झालं तसं दचकून थांबलं. परत एक टाकला. आणि मग ते चाललं हो! अंगणाच्या ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत, मान ताठ करून, मागं तीन चाकं घेऊन. मी रडत होते आणि हसत होते. सासू मात्र वळून आत गेली. मोरीवर हात धूत बराच वेळ उभी राहिली.

सोप्यातनं सासऱ्यांचा आवाज आला, भिंतीला, "सांग तिला. चालतंय तवर मी हात लावनार न्हाई. शब्द हाय माझा."

सांगायला सासू तिथं नव्हती, पण मी ऐकलं.

मला वाटलं, मिटलं. चार दिवस गाव कुजबुजलं, लोणी बंद झालं, घागर माझ्या कमरेवर परत आली. कुत्रं मात्र सकाळ-संध्याकाळ आळीतनं खडखडत जायला लागलं.

शिमगा दोन दिवसांवर होता. दुपारची एस.टी. आली आणि थोड्या वेळानं अंगणात बुटांचा आवाज झाला. बघते तर नवरा! उन्हाळ्यात यायचा माणूस फाल्गुनात! खांद्यावर पेटी, बगलेत बोचकं, आणि तोंडभर हसू. तो कुणाकडं बघत होता? माझ्याकडं. तोंडाकडं नाही, पोटाकडं. मी जागच्या जागी थिजले.

कुत्र्यानं वास घेतला असणार. परसातनं ते जे सुटलं ते दाणदाण आपटत, चाकं उधळत, भुंकत त्याच्या पायांशी येऊन पडलं. चार दिवसांचा प्रवास करून आलेल्या माणसाच्या बुटांना ते चाटायला लागलं. नवऱ्यानं वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात तसाच राहिला. त्यानं गाडा बघितला होता.

"ह्यो पांगुळगाडा कुणाचा?"

त्यानं खिशातनं एक पोस्टकार्ड काढलं. सासूनं मास्तरांकडनं लिहवून घेतलेलं, सुताराच्या बायकोनं तिला सांगितलं त्याच दिवशी. मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यात एवढंच होतं: सर्व खुशाल, सूनबाईनं सुताराकडं पांगुळगाडा सांगितला आहे. ह्याच गावचा गडी, त्याला आणखी काय लिहायला पाहिजे?

"कार्ड टाकलं आन् मग कळलं," सासू दारातनं म्हणाली. "दुसरं टाकायचं धाडस झालं न्हाई रं मला."

"पलटणीत पेढे वाटले मी," नवरा म्हणाला. त्याचा आवाज आधी बारीक होता. मग तो वाढत गेला. "सायबानं पाठ थोपटून रजा दिली! समदी गाडीवर पोचवायला आली! आन् हितं कुत्र्याला गाडा केलाय? कुत्र्याला?" तो सोप्यात चढला आणि भिंतीवरची बंदूक त्यानं खाली घेतली. "सोडा त्येला त्यातनं. आबा म्हनत हुते त्येच खरं. मीच सोडवतो."

मला ते खरंच वाटेना. ज्याच्यासाठी मी ते जगवलं, ज्यानं बघावं म्हणून कोरेगावपासनं सुतारापर्यंत हिंडले, गावाचं हसं सोसलं, तोच? मी पायरीवर आडवी उभी राहिले. नवऱ्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता असं नाही, खोटं कशाला बोलू, पण सासऱ्यांदेखत कधी नव्हता. "तुमच्यासाठी जगवलंय त्येला!" मी म्हणाले. "भाकरी तुज्या हातानं घाल म्हणाला हुतासा न्हवं? कार्ड म्या घातलं न्हाई. कुणाला काय सांगितलं न्हाई. कुत्र्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

सासरे उठले. म्हातारा पोराच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. "हिकडं आन ती."

"आबा, तुमीच म्हनत हुता..."

"म्हनत हुतो. आता त्ये चालतंय. आन् शब्द दिलाय मी."

नवऱ्यानं बंदूक दिली. सासऱ्यांनी ती खुंटीवर ठेवली, मागं वळले आणि म्हणाले, "सूनबाई, ह्येला पानी दे. लांबनं आलाय."

मी सवयीनं सासूकडं बघितलं. पण ते माझ्याकडं बघत होते, सरळ तोंडाकडं. सात वर्षांत पहिल्यांदा. मी आत जाऊन तांब्या भरून आणला.

नवरा पायरीवर बसला होता. कुत्र्यानं त्याच्या बुटावर हनुवटी टेकली होती आणि त्याला ढकलून द्यायचं त्राण नवऱ्यात उरलं नव्हतं. मी तांब्या पुढं केला. तो घेईना. खाली बघूनच म्हणाला, "समद्यांस्नी सांगून बसलोय. आता परत जाऊन काय सांगू?"

मला लय बोलायचं होतं. जिभेवर शब्द तयार होते, चांगले तिखट. पण तोंडातनं निघालं ते भलतंच.

"मला बी पायजे हुतं," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. दारात सासूचा हात चौकटीवर थांबला. सासऱ्यांनी मिशीवरचा हात काढला. त्या घरात सासूला नातू हवा होता, सासऱ्यांना वंश हवा होता, नवऱ्याला पलटणीत सांगायला हवं होतं. मलाही मूल हवं असेल हे सात वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी ते कधी बोललेही नव्हते. माझा मलाच धक्का बसला.

नवऱ्यानं तांब्या घेतला. पाणी प्यायला नाही, बाजूला ठेवला. मग तो पायरीवर थोडा सरकला, आणि मी सासू-सासऱ्यांदेखत, भर दिवसा, त्याच्या शेजारी जाऊन बसले.